कवच (मंत्ररूप)

शत्रूचे शस्त्र, रोग किंवा अदृश्य बाधा यांपासून शरीराचे रक्षण व्हावे, या हेतूने म्हटल्या जाणाऱ्या अथवा अंगी धारण केल्या जाणाऱ्या मंत्ररचनेस ‘कवच’ म्हणतात. ‘कवच’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ योद्ध्याचे चिलखत असा आहे. चिलखत जसे शरीराचा विशिष्ट भाग झाकते, विशिष्ट आघात परतविते आणि काही ठिकाणी उघडे राहते, तसेच मंत्ररूप कवचाचेही आहे, अशी कल्पना प्राचीन वाङ्मयात सर्वत्र दिसते. त्यामुळे कवचाच्या कथांत प्रश्न केवळ सामर्थ्याचा नसतो. कवच कोणाचे, कशापासून, किती काळ व कोणत्या अटीवर रक्षण करते, या नियमांचा अर्थ लावण्याचा तो प्रश्न असतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उदयास आलेल्या पटावरील भूमिकाखेळांत संरक्षक जादूविषयी जे नियम व जे वाद आढळतात, त्यांचे स्वरूपही बहुतांशी असेच आहे.

उगम व विकास : ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलातील पंचाहत्तरावे सूक्त युद्धसाधनांचे आहे. त्यात चिलखत, धनुष्य, ज्या, भाता, सारथी, घोडे, रथ इत्यादींचे क्रमाने स्तवन असून अखेरीस मंत्र हेच आपले आतले चिलखत होय, अशा आशयाची प्रार्थना येते. धातूचे चिलखत व मंत्राचे चिलखत ही दोन्ही येथे एकाच सूक्तात एकत्र आली आहेत. आश्वलायन गृह्यसूत्रात युद्धास निघालेल्या राजाला पुरोहिताने चिलखत व शस्त्रे धारण करविण्याचा विधी सांगितला असून त्यात या सूक्तातील ऋचांचा विनियोग आहे. अथर्ववेदात रक्षणासाठी मणी बांधण्याची सूक्ते आहेत. पुढे पुराणकाळात व तंत्रग्रंथांत कवच हा स्तोत्राचा एक स्वतंत्र प्रकार बनला. भागवत पुराणाच्या सहाव्या स्कंधातील नारायणकवच, सप्तशतीच्या पाठापूर्वी म्हटले जाणारे देवीकवच, बुधकौशिक ऋषींच्या नावावर असलेली रामरक्षा ही त्याची सर्वपरिचित उदाहरणे होत. रामरक्षेस ‘कवच’ असे नाव नसले, तरी रचना कवचाचीच आहे. ती स्वतःला ‘वज्रपंजर’ म्हणजे वज्राचा पिंजरा असे म्हणविते.

रचना : कवचाच्या आरंभी त्याचा ऋषी, छंद, देवता, बीज, शक्ती, कीलक व विनियोग यांचा निर्देश असतो. त्यानंतर न्यास येतो. न्यास म्हणजे मंत्राक्षरांची किंवा देवतानामांची शरीराच्या अवयवांवर स्थापना. हृदय, मस्तक, शिखा, कवच, नेत्र व अस्त्र असे षडंगन्यासाचे सहा भाग आहेत. यांतील चौथा भाग ‘कवच’ हा दोन्ही हातांनी विरुद्ध बाजूंच्या खांद्यांना स्पर्श करून करतात. सहावा ‘अस्त्र’ हा भाग शरीराभोवतीच्या अवकाशाशी संबंधित आहे. टिचक्या वाजवून दाही दिशा बांधण्याच्या क्रियेस दिग्बंध म्हणतात. अंग झाकणे व भोवतालची जागा बंद करणे ही संरक्षणाची दोन कार्ये अशा रीतीने पृथक् मानलेली आहेत.

मूळ पाठात अवयवांची यादी असते. रामरक्षेत ती मस्तकापासून पायांपर्यंत जाते. देवीकवचात प्रथम दिशांची व नंतर अवयवांची योजना आहे. नारायणकवचात स्थळ व काळ यांनुसार विभागणी केलेली आढळते : पाण्यात मत्स्याने, जमिनीवर वामनाने, वाटेवर वराहाने, पर्वतशिखरांवर परशुरामाने रक्षण करावे, अशी मागणी करून नंतर दिवस व रात्र यांच्या प्रत्येक प्रहरासाठी विष्णूचे एकेक रूप नेमले आहे. यादी केली, की त्यात काहीतरी सुटण्याचा धोका आलाच. म्हणून देवीकवचाच्या शेवटी, ज्या स्थानाचा उल्लेख राहून गेला असेल त्याचेही देवीने रक्षण करावे, अशी पुरवणी जोडलेली आहे. कायद्याच्या मसुद्यात गणती संपल्यावर शिल्लक बाबींसाठी जसे एक सर्वसमावेशक कलम घालतात, तसेच या पुरवणीचे कार्य आहे. शेवटी फलश्रुती येते. तीत पाठाचे फल सांगितलेले असते.

युद्धकथांतील नियम : कवचाच्या मर्यादांचा सर्वांत बारकाईने विचार महाभारताच्या द्रोणपर्वात आढळतो. चौदाव्या दिवशी जयद्रथाच्या शोधात निघालेल्या अर्जुनाला अडविण्यासाठी द्रोणाचार्य दुर्योधनाच्या अंगावर मंत्रपूर्वक सुवर्णकवच बांधतात. वृत्राशी लढण्यासाठी शिवाने इंद्राला दिलेले हे कवच व त्याचे मंत्र अंगिरस, बृहस्पती व अग्निवेश्य या परंपरेने आपल्याकडे आले, असे ते सांगतात. अर्जुनाचे बाण त्यावर आपटून गळून पडतात, तेव्हा श्रीकृष्णालाही आश्चर्य वाटते. अर्जुन मात्र कारण ओळखतो. हे कवच द्रोणाचार्यांनी बांधलेले आहे. दुर्योधन ते केवळ अंगावर वागवीत आहे, ते धारण केल्यावर काय करावयाचे याचे ज्ञान त्याला नाही, असा त्याचा निर्णय आहे. कवच भेदण्यासाठी त्याने योजिलेले अस्त्र अश्वत्थामा दुरूनच तोडून टाकतो. ते अस्त्र दुसऱ्यांदा वापरल्यास वापरणाऱ्याचाच घात करील, हे अर्जुनाला ठाऊक असते. मग तो कवचाचा नाद सोडून देतो. दुर्योधनाचे घोडे व सारथी मारतो, धनुष्य व हस्तत्राण तोडतो आणि जेथे कवच पोहोचत नाही, त्या तळहातांचा वेध घेतो. कवच अभेद्य राहिले, तरीही दुर्योधनाचा पराभव झाला. कवचाने दिलेले अभय कवचापुरतेच असते, हा पहिला नियम या प्रसंगातून स्पष्ट होतो.

दुसरा नियम अटींचा आहे. वरुणाने श्रुतायुधाला दिलेली गदा हातात असेपर्यंत तो अजिंक्य होता. मात्र न लढणाऱ्यावर ती फेकल्यास ती फेकणाऱ्यावरच उलटेल, अशी अट होती. श्रुतायुधाने ती सारथ्य करीत असलेल्या, म्हणजे शस्त्र न घेतलेल्या श्रीकृष्णावर फेकली व तो स्वतःच ठार झाला. येथे ‘न लढणारा’ या शब्दाचा अर्थ निर्णायक ठरतो. श्रीकृष्ण रणांगणाच्या मध्यभागी, शत्रूच्या रथावर होता. तरी तो लढत नव्हता. अट रणांगणावरील स्थानाकडे पाहत नाही, कृतीकडे पाहते. द्रोणवधानंतर अश्वत्थाम्याने सोडलेल्या नारायणास्त्राचा नियमही याच जातीचा आहे. जो शस्त्र धरील त्याच्यावर ते अधिकच प्रज्वलित होते. जो शस्त्र टाकून वाहनावरून खाली उतरेल त्याला ते स्पर्श करीत नाही. पांडवसेना श्रीकृष्णाच्या सांगण्यावरून शस्त्रे खाली ठेवते. एकटा भीम लढत राहतो आणि अस्त्राचा सारा जोर त्याच्याभोवती एकवटतो. अखेर श्रीकृष्ण व अर्जुन त्याला रथाखाली ओढून निःशस्त्र करतात. शौर्य हाच येथे अपाय व माघार हाच उपाय ठरतो.

तिसरा नियम एकदाच वापरता येण्याजोग्या साधनांचा होय. कर्णाची कवचकुंडले जन्मजात होती. इंद्राने ब्राह्मणवेषाने ती मागून नेली व मोबदल्यात एकाच शत्रूवर चालणारी अमोघ शक्ती दिली. ती अर्जुनासाठी राखलेली असताना चौदाव्या रात्री घटोत्कचावर खर्चावी लागली. कायमचे संरक्षण देऊन क्षणिक सामर्थ्य घेणे हा व्यवहार कर्णाला शेवटी महागात पडला.

चौथा नियम असा, की जे बळाने भेदता येत नाही, ते मागून घेता येते. ब्रह्मवैवर्त पुराणाच्या गणेशखंडात परशुराम व कार्तवीर्य यांच्या युद्धाची विस्तृत कथा आहे. शिवाने परशुरामाला त्रैलोक्यविजय नावाचे कवच दिलेले असते. परंतु कार्तवीर्याच्या बाजूचे राजेही निरनिराळ्या देवतांची कवचे धारण करून उभे असतात आणि परशुरामाची शस्त्रे वाया जातात. ती कवचे भिक्षेच्या रूपाने मागून घेतल्यावरच ते राजे रणात पडतात. कवच हे आघातापासून रक्षण करते, दानापासून नव्हे. दात्याने स्वेच्छेने दिले, की ते संपले.

वरदानांच्या कथांत शब्दार्थाचा काटेकोरपणा पराकोटीस जातो. हिरण्यकशिपूने आत वा बाहेर, दिवसा वा रात्री, भूमीवर वा आकाशात, मनुष्याकडून वा पशूकडून मृत्यू नको, असे मागितले. नृसिंहाने उंबरठ्यावर, संध्याकाळी, मांडीवर घेऊन त्याचा वध केला. वराचा एकही शब्द मोडला नाही. जयद्रथाच्या पित्याचे वचन असे होते, की जो आपल्या पुत्राचे मस्तक भूमीवर पाडील त्याच्या मस्तकाची शकले होतील. अर्जुनाने बाणांनी ते मस्तक संध्या करीत बसलेल्या त्या पित्याच्याच मांडीवर नेऊन टाकले. तो उठताच ते भूमीवर पडले आणि वचन बोलणाऱ्यालाच लागू झाले. रावणाने देव, दानव इत्यादींपासून अभय मागताना मनुष्याला तुच्छ समजून वगळले. या तिन्ही कथांत देवता आपला शब्द मागे घेत नाही. शब्दाने न व्यापलेली जागा शोधली जाते.

अर्थनिर्णयाची तत्त्वे : वाक्याचा अर्थ ठरविण्याचे शास्त्र भारतात पूर्वमीमांसेने घडविले. ते यज्ञविधींसाठी निर्माण झाले, कवचकथांसाठी नव्हे. परंतु त्याचे न्याय पुढे धर्मशास्त्रात व व्यवहारनिर्णयात वापरले गेले आणि कोणत्याही नियमसंग्रहाला ते उपयोगी पडतात. धर्मशास्त्राचे इतिहासकार पांडुरंग वामन काणे (१८८०–१९७२) यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूणजवळच्या पेढे-परशुराम येथे झाला. त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९६२ मध्ये पूर्ण झालेल्या पाचव्या खंडात न्यास, मुद्रा, यंत्र इ. तांत्रिक विषय व मीमांसेचे अर्थनिर्णयाचे नियम या दोहोंचे विवेचन आहे. १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला.

प्रस्तुत संदर्भात मीमांसेतील व तिच्याशी संलग्न अशी चार तत्त्वे महत्त्वाची आहेत. (१) विशेष नियम सामान्य नियमाला बाधित करतो. ‘ब्राह्मणांना दही द्यावे, कौंडिन्याला ताक’ या वाक्यांत कौंडिन्य ब्राह्मण असला, तरी त्याला दही मिळत नाही. हा तक्रकौंडिन्यन्याय होय. (२) अर्थनिर्णयाच्या साधनांत बलाबल असते. श्रुती (प्रत्यक्ष शब्द), लिंग (शब्दाचे सामर्थ्य), वाक्य, प्रकरण, स्थान व समाख्या (नाव) या सहांत आधीचे साधन नंतरच्यापेक्षा बलवान असते. म्हणजे प्रत्यक्ष शब्द काय सांगतो, ते आधी पाहावयाचे. एखाद्या गोष्टीचे नाव काय आहे, यावरून तिचे कार्य ठरविणे हा अगदी शेवटचा मार्ग. (३) अधिकार पाहावा. कर्णाने स्वतःची ओळख लपवून परशुरामाकडून अस्त्रविद्या मिळविली. ऐन वेळी ब्रह्मास्त्र आठवणार नाही, हा शाप त्याला त्यामुळेच भोवला. विद्या तीच असली, तरी ती कोणी व कशी मिळविली, यावर तिचे फल अवलंबून राहते. (४) विधी व अर्थवाद यांत भेद करावा. विधी कर्तव्य सांगतो. अर्थवाद त्याची प्रशंसा करतो व त्याचा शब्दशः अर्थ घ्यावयाचा नसतो. मात्र ज्या विधीचे फल अन्यत्र सांगितलेले नाही, तेथे अर्थवादातील फल स्वीकारावे, असा रात्रिसत्रन्याय आहे.

शेवटचे तत्त्व कवचांच्या बाबतीत कळीचे ठरते. कवचाची फलश्रुती ही विधी मानावयाची की अर्थवाद, हा तो प्रश्न होय. नारायणकवच धारण केलेल्या कौशिक नावाच्या ब्राह्मणाने मरुभूमीत देह ठेवला; पुढे त्याच्या अस्थींवरून जाताना चित्ररथ गंधर्व विमानासह खाली कोसळला व त्या अस्थी सरस्वतीत विसर्जित केल्यावरच त्याची सुटका झाली, अशी कथा भागवतात आहे. कवचाची मुदत धारकाच्या मृत्यूनेही संपत नाही, असा तिचा शब्दशः अर्थ होईल. मीमांसक तिला प्रशंसापर अर्थवाद म्हणेल. स्वतः कौशिकाला मृत्यू टळला नाही, ही गोष्ट त्याच कथेत नोंदलेली आहे, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

कोकणातील परंपरा : रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत (१ मे १९८१ पर्यंत हे दोन्ही मिळून एकच रत्नागिरी जिल्हा होता) संरक्षक मंत्रपाठाची दोन रूपे शेजारी शेजारी नांदत आली आहेत. एक घरातले : तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावल्यावर मुलांकडून रामरक्षा म्हणवून घेणे. दुसरे गावाचे : ग्रामदेवतेपुढे घातले जाणारे गाऱ्हाणे. गाऱ्हाण्यात गुरव किंवा मानकरी गावाच्या देवतांना, सीमेवरच्या राखणदाराला व स्थळांच्या अधिपतींना नावे घेऊन आवाहन करतो. गुराढोरांचे, पिकाचे, मुंबईस गेलेल्या चाकरमान्यांचे रक्षण मागतो. आणि जमलेले लोक प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ अशी साथ देतात. कवच शरीराचे अवयव मोजते, गाऱ्हाणे गावाचे. कवचात मस्तकापासून पायांपर्यंत जाणारी यादी येथे देवळापासून शिवेपर्यंत जाते. काही चुकले-माकले असल्यास पदरात घ्यावे, ही गाऱ्हाण्यातील विनंती देवीकवचाच्या शेवटच्या पुरवणीचेच काम करते. दोहोंतील महत्त्वाचा फरक असा, की कवच एकट्याने म्हणता येते. गाऱ्हाण्याला मात्र सर्वांसमक्ष दिलेला होकार लागतो. त्यात देवतेइतकेच गावकरीही शब्दाला बांधले जातात.

याच प्रदेशातील लोकनाट्यांत वरदान व त्यातील पळवाट यांच्या कथा रंगतात. रत्नागिरी जिल्ह्यातील नमन-खेळे व मुख्यतः सिंधुदुर्गातील दशावतार यांत पौराणिक युद्धप्रसंग मृदंगाच्या ठेक्यावर सादर होतात. दशावताराच्या आख्यानाची लिखित संहिता नसते. कथानकाची रूपरेषा व पात्रवाटप ठरले, की नट प्रसंगानुसार स्वतःच संवाद रचतात. त्यामुळे देव व असुर यांच्यात वराच्या शब्दार्थावरून होणारा वाद प्रत्येक रात्री नव्याने घडतो. असुराची भूमिका करणारा नट जितका बिनतोड युक्तिवाद करील, तितके देवाच्या भूमिकेतील नटाला अधिक नेमके उत्तर शोधावे लागते. शेवट प्रेक्षकांना ठाऊक असतो. उत्तर ठाऊक नसते. ठरलेल्या नियमांच्या चौकटीत भूमिकेतून बोलून प्रसंग पुढे नेण्याची ही पद्धत पुढील परिच्छेदांत वर्णिलेल्या खेळाला जवळची आहे.

आधुनिक भूमिकाखेळ : पटावरील युद्धखेळाची परंपरा जुनी आहे. प्रशियात रायस्वित्स यांनी १८२४ मध्ये सैनिकी शिक्षणासाठी प्रसिद्ध केलेल्या ‘क्रीगश्पील’ या खेळात दोन पक्षांव्यतिरिक्त निर्णय देणारा पंच असे. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. गायगॅक्स यांचा सहभाग असलेल्या ‘चेनमेल’ (१९७१) या युद्धखेळाच्या नियमांतून तो विकसित झाला होता. यात प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो आणि एक खेळाडू सूत्रधार होऊन परिस्थितीचे वर्णन, शत्रूंच्या हालचाली व नियमांचा निर्णय ही कामे पाहतो. कृतीचे यश फाशांवरून, मुख्यतः वीस बाजूंच्या फाशावरून ठरते.

प्रत्येक पात्राचा एक संरक्षणांक असतो. हल्ला करणाऱ्याच्या फाशाची व त्यात मिळवावयाच्या गुणांची बेरीज संरक्षणांकाइतकी किंवा अधिक झाली, तर वार लागतो. संरक्षक मंत्र हा अंक वाढवितात किंवा हल्ल्यालाच अट घालतात. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतील ‘शील्ड’ म्हणजे ढाल हा मंत्र वार लागल्याचे कळताच, शत्रूच्या पाळीत म्हणता येतो. तो संरक्षणांकात पाच मिळवितो. ही वाढ ज्या वारामुळे मंत्र म्हटला त्यालाही लागू होते आणि मंत्र म्हणणाऱ्याची पुढची पाळी सुरू होईपर्यंत टिकते. संरक्षणांक १३ असलेल्या पात्रावर १६ बेरजेचा वार आला, तर तो लागतो. मंत्राने अंक १८ झाल्यावर तोच वार चुकतो. बेरीज १९ असती, तर मंत्र वाया गेला असता. आगीच्या स्फोटाचा मंत्र मात्र संरक्षणांकाशी तुलना करीत नाही. पात्राने चपळाईने अंग चुकविले की नाही, हे वेगळ्या फाशाने ठरते. म्हणून ढालीचा मंत्र तेथे निरुपयोगी असतो. ‘ढाल आहे, म्हणजे आगीपासूनही रक्षण व्हावे’ हा युक्तिवाद नावावरून कार्य ठरविणारा, म्हणजे समाख्येला श्रुतीच्या वर बसविणारा आहे. दुर्योधनाच्या तळहातांना जो नियम लागू झाला, तोच येथेही लागू होतो.

त्याच आवृत्तीतील ‘सँक्चुअरी’ म्हणजे अभय या मंत्राने रक्षिलेल्या पात्रावर नेम धरणाऱ्याला आधी मनोबलाची फाशांची कसोटी उतरावी लागते; ती न उतरल्यास त्याला दुसरे लक्ष्य निवडावे लागते किंवा वार सोडून द्यावा लागतो. मात्र रक्षित पात्राने स्वतः हल्ला केला किंवा शत्रूवर परिणाम करणारा मंत्र म्हटला, की अभय संपते. शस्त्र टाकणाऱ्यालाच स्पर्श न करणाऱ्या नारायणास्त्राशी याचे साम्य उघड आहे. विस्तृत जागेवर होणाऱ्या स्फोटापासूनही हे अभय रक्षण करीत नाही. कारण स्फोट कोणा एकावर नेम धरीत नाही. रक्षित पात्राने जखमी सोबत्यावर उपचार केल्यास अभय टिकते, कारण तो शत्रूवरील परिणाम नव्हे. पण त्याने शत्रूवर वार करणाऱ्या सोबत्याचे बळ वाढविले, तर काय? शब्दांनुसार अभय टिकते. हेतूनुसार शंका येते. अशा ठिकाणी सूत्रधाराचा निर्णय अंतिम असतो. विशेष नियम सामान्य नियमाला मागे सारतो, हे तत्त्व या खेळाच्या नियमग्रंथात स्पष्टपणे सांगितलेले आहे. ते तक्रकौंडिन्यन्यायाहून वेगळे नाही.

सूत्रधाराने पाळावयाची पथ्ये यावरून निष्पन्न होतात. निर्णय फासा पडण्यापूर्वी द्यावा; एकदा दिलेला अर्थ दोन्ही पक्षांना सारखाच लागू करावा; शब्द स्पष्ट असता हेतूचा आधार घेऊ नये; आणि शब्द संदिग्ध असता खेळाडूने ज्या समजुतीने आपले साधन खर्च केले, तिचा विचार करावा. संरक्षणाचा नियम आयत्या वेळी बदलला, तर खेळाडूची सावधगिरी व धाडस या दोहोंना अर्थ उरत नाही. पुराणातील देवता स्वतःच्या वराला बांधलेली राहते, तिचे मर्म हेच आहे.

कवच आणि वास्तव संकट : खेळात किंवा कथेत नियमाचा चुकीचा अर्थ लावल्यास एक पात्र पडते. प्रत्यक्ष जीवनात फलश्रुतीचा शब्दशः अर्थ लावल्यास माणूस दगावतो. कोकणात फुरसे व लाल विंचू यांचे दंश पूर्वापार होत आले आहेत. सापाने चावा घेतला, की मंत्र घालणाऱ्याकडे किंवा देवळात नेण्याची चाल होती. अनेक साप बिनविषारी असतात व विषारी सापाच्याही प्रत्येक चाव्यात पुरेसे विष जातेच असे नाही. अशा वेळी रोगी आपोआप बरा होतो व यश मंत्राच्या नावे जमा होते. विष भिनलेल्या रोग्याच्या बाबतीत मात्र मंत्रात गेलेला वेळ भरून निघत नाही. फुरशाच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. त्यावर प्रतिविषाचे अंतःक्षेपण हाच खरा उपाय आहे. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसीन या औषधाचा उपयोग महाड (जि. रायगड) येथील हिंमतराव बावसकर यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिला व त्यामुळे कोकणातील विंचूदंशाने होणाऱ्या मृत्यूंना मोठा आळा बसला.

महाराष्ट्रात नरबळी, अघोरी प्रथा व जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा अधिनियम २०१३ मध्ये संमत झाला. नरेंद्र दाभोलकर यांच्या चळवळीची त्यामागे दीर्घ पार्श्वभूमी होती. २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांची पुण्यात हत्या झाली व त्यानंतर लगेच अध्यादेश निघाला. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या व्यक्तीला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे यांसारखे उपचार करणे, हा या अधिनियमानुसार गुन्हा आहे. घरातील व देवळातील उपासना, भजन, कीर्तन, प्रवचन यांना मात्र तो लागू होत नाही. म्हणजे तिन्हीसांजेची रामरक्षा कायद्याने निषिद्ध केलेली नाही. तिच्या भरवशावर रोग्याला रुग्णालयात जाण्यापासून अडविणे निषिद्ध आहे. कवचाची फलश्रुती हा अर्थवाद मानावा, या मीमांसकांच्या भेदाशी ही सीमारेषा बरीचशी जुळते.

कवचवाङ्मयाने भीतीला शब्द दिले. शरीर, घर व गाव यांचे एकेक अंग नाव घेऊन काळजीपूर्वक मोजण्याची सवय लावली. आणि दिलेल्या शब्दाची मर्यादा ओळखण्यास शिकविले. दुर्योधनाने कवच धारण केले, पण त्याची मर्यादा जाणली नाही. अर्जुनाने ते भेदले नाही, पण त्याची मर्यादा जाणली. या प्रकारच्या सर्व नियमांच्या अभ्यासात दुसऱ्या प्रकारचे ज्ञान अधिक उपयुक्त ठरते.